धोटा

आधी वाटलं, काचेला सूत चिकटलंय.
बावीस वर्षं कांड्या भरल्यावर
सूत दिसलं की बोट आपसूक पुढं जातं.
गेलं. ते आतल्या अंगाला होतं.
आणि ते वळलं.

मग दुसरं. मग खड्यांच्या फटीतून पुंजक्यानं,
पांढरे, रेशमाच्या तारेहून बारीक,
वळवळत काचेवर चढणारे.
धोटा मात्र आपला
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत.
तृप्तीनं कासवाचं नाव ठेवलं ते त्यावरूनच.
वडगावात आमच्या घरी
आता चालता धोटा एवढाच.

माग विकून तीन महिने झाले.
तो होता तिथं फरशीला चार भोकं,
भोकांवर ही टाकी.
गल्लीतले बाकीचे माग खडखडतात,
आमच्या घरात मात्र एकमेकांचं सगळं ऐकू येतं.
म्हणून कोणी बोलत नाही.

"किल्ल्याच्या तळ्यात सोडून ये की,"
हे म्हणाले, टाकीकडं न बघता.
"तळ्यातल्या माशांनी काय घोडं मारलंय तुमचं?"
तृप्ती म्हणाली, ताटावरनं उठली.
शेजारची बसव्वा म्हणाली, हळद टाक.
सत्याप्पा म्हणाला, मीठ.
शनिवार खुटावरचा दुकानदार म्हणाला,
निळं औषध, दीडशे रुपये.

मी रंगाच्या डब्यात धोट्याला घातलं,
बाटलीत टाकीचं पाणी घेतलं
आणि मुगळी डॉक्टरांकडं गेले.
ते म्हशींचे डॉक्टर. कासव बघून
चष्मा पुसला, परत घातला.
बाटली उजेडात धरली.
"हुळा," म्हणाले, "काही करत नाहीत.
ऊट जास्ती आगेद."
मग माझ्यासाठी मराठीत,
"खाणं जास्त होतंय, ताई. कोण घालतं?"

मीच, म्हटलं. सकाळी. चिमूटभर.

रात्री टाकी मोकळी करताना
तृप्ती खालमानेनं बोलली,
शाळेतनं आल्यावर मीपण घालते. रोज.
तू विसरत असशील वाटलं.
आम्ही दोघींनी ह्यांच्याकडं बघितलं.
हे गाडीतलं पेट्रोल काढायची नळी तोंडात धरून
तळचा गाळ ओढत होते.
तोंडात आला. थुंकले. चूळ भरली.
परत थुंकले.
"दोनला जाग येते मला," म्हणाले.

दोन म्हणजे
रात्रपाळीतली चहाची वेळ.

खडे उकळले, जुन्या पातेल्यात,
त्यात आता भात शिजणार नाही.
स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळला.
नळ आठवड्यातनं एकदा येतो,
राकसकोपचं पाणी घागरीत रात्रभर निवू दिलं,
औषधाचा वास जाईपर्यंत.
धोटा परातीत बसून
मान लांब करून बघत होता,
तिघंजण एका कामाला कसे लागलेत ते.

मागाचं जुनं कार्ड खिळ्याला टांगलंय.
तारीख, मीटर, सही.
मीटरच्या रकान्यात आता गोळ्या लिहायच्या,
तीन, दिवसाआड.
तृप्ती लिहिते. मी लिहिते.
गेल्या मंगळवारी सहीच्या जागी
ह्यांची सही दिसली,
बँकेत करतात तशी, पूर्ण नावाची, खाली रेघ.
त्या दिवशी गोळ्यांचा वार नव्हता.
मी काही बोलले नाही.

सगळे काढायला जाऊ नका,
डॉक्टर म्हणाले होते, दोन-चार राहणारच.

काल मला दोनला जाग आली.
हे टाकीपाशी उकिडवे.
हातात डबा नव्हता, बॅटरी होती,
तार तुटल्यावर शोधायचे
तसा एकेक खडा बघत होते.
मी शेजारी बसले. गुडघे वाजले.
"आहेत काय?"
"एक आहे."
"कुठं?"
त्यांनी काचेवर बोट टेकवलं.
मला दिसेना. म्हटलं,
"नीट दाखवा की."